एक किलो दोनशे की दोन किलो सातशे

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरात एक मोठा निर्णय आलाय, आणि मोठे निर्णय तोंडी घ्यायचे नसतात, ही माझी सव्वीस वर्षांची शिस्त. वजनमापे खात्यात निरीक्षक आहे मी. तोलून पाहिल्याशिवाय मी चहात साखरसुद्धा घालत नाही.

हकीकत अशी. बायकोला काम लागलं. पूर्वी ती टायपिस्ट होती. मग आईचं आजारपण आलं, मग माझी बदली, मग असंच काही ना काही, आणि चौदा वर्षं घरात गेली. आता एका संस्थेसाठी शब्दशः नोंदी घ्यायच्या आहेत. म्हणजे कुठे बैठक, कुठे चौकशी, कुठे सुनावणी चालू असेल तिथे कोपऱ्यात बसायचं आणि जो जे बोलेल ते जसंच्या तसं टाइप करायचं. कुणी खोकलं तर कंसात खोकला. दिवसाला तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी जिने. एक ऑक्टोबरला सुरुवात. अट एकच, स्वतःचा लॅपटॉप हवा आणि तो अठ्ठावीस तारखेच्या आत संस्थेत नोंदवलेला हवा. नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार.

दुकानात दोन लॅपटॉप आहेत. एक हलका, एक किलो दोनशे. दुसरा दणकट, दोन किलो सातशे, पण ताकद तिप्पट. किंमत जवळपास सारखीच, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.

बायको म्हणाली, येताजाता जरा दुकानात डोकावून या. म्हणजे निर्णय पूर्णपणे माझ्यावर सोपवला. विश्वास आहे तिचा.

ठराव : शुक्रवारी निकाल. एक दिवसही पुढे नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार
तक्ता केला. अठरा ओळी, दोन रकाने. ज्याच्या ओळी जास्त, तो जिंकला. साधं, स्वच्छ.

घरातल्यांची मतं मागवली. आई म्हणाली, वाहायचंय तिला, मग हलकं घ्या, ते दुसरं म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. आईचं वय लक्षात घेता मत बाजूला ठेवलं. बायको आतून म्हणाली की तिलाही तसंच वाटतं. पण ती या प्रकरणात पक्षकार आहे. पक्षकाराचं म्हणणं सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं.

मेहुण्याचा फोन आला. हा संगणकाच्या कंपनीत आहे, म्हणून घरात सगळे त्याला तज्ज्ञ म्हणतात. मी म्हणत नाही. तोही म्हणाला हलका. सगळे एका सुरात बोलायला लागले की समजावं, कुणीच विचार केलेला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार
दुकानात जाऊन आलो. तीन तास. विक्रीच्या टेबलावर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने विचारलं, मॅडम काय काम करणार. म्हटलं, टायपिंग. मग हलका घ्या, म्हणाली. मी म्हटलं, आज टायपिंग, उद्या? तिने विचारलं, उद्या काय. आता उद्या काय ते आजच कसं सांगणार? हाच तर माझा मुद्दा आहे. तो मी तिला चार उदाहरणं देऊन समजावला. ती मधेच पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ पाणी पीत होती.

खिशात खात्याचा ताणकाटा होता. दोन्ही यंत्रं तोलली. हलका निघाला एक किलो दोनशे छत्तीस. खोक्यावर छापलंय दोनशे. छत्तीस ग्रॅमची तफावत! मी ती तिच्या नजरेस आणून दिली. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने चहा मागवला. मी नोटीस न देता तोंडी समज दिली आणि चहा घेतला, पण बिस्किट घेतलं नाही. सरकारी माणसाने कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.

निघताना मुलगी म्हणाली, पुन्हा यायची गरज पडणार नाही असं वाटतं का तुम्हाला. काळजी दिसली तिच्या तोंडावर. म्हटलं, येईन ना.

६ सप्टेंबर, शुक्रवार
निकाल आज लागायचा होता. लागला नाही. कारण : छत्तीस ग्रॅमचं प्रकरण मधे आल्याने अठरा ओळी अपुऱ्या पडतायत. घाई करून चालणार नाही. अजून बावीस दिवस आहेत, म्हणजे डोंगराएवढे.

बायको दुपारी एकटीच कुठेतरी जाऊन आली, असं आई म्हणाली. विचारायचं राहिलं. तक्त्यात गुंतलो होतो.

७ सप्टेंबर, शनिवार
जेवणाच्या टेबलावर एक पातळसा राखाडी लॅपटॉप दिसला. बायको त्यावर सराव करत होती. बहुधा तज्ज्ञाने कामचलाऊ म्हणून दिला असावा. बरं झालं, तोपर्यंत हात बसेल.

चहापासून जेवणापर्यंत मी तिला पंख्याच्या आवाजाचा विषय समजावून दिला. दणकट यंत्राला आतून दोन पंखे असतात. आवाज होतो, पण ती ताकदीची खूण. बायको टाइप करत ऐकत होती. मधे काहीतरी म्हणाली, पण मुद्दा रंगात आला होता.

तिची बोटं फार वेगाने चालतात. विसरलोच होतो मी.

८ सप्टेंबर, रविवार
तक्ता आता सदतीस ओळींचा. कागदावर मावेना, म्हणून तज्ज्ञाच्याच लॅपटॉपवर चढवला. बरा चालतो. उघडताक्षणी सुरू होतो, मांडीवर तापत नाही, आवाज तर शून्य. पण कामचलाऊ तो कामचलाऊच.

नव्या ओळी : भूकंप झाल्यास. चोराने उचलल्यास (दणकट उचलून चोर फार लांब पळू शकणार नाही, दणकटला एक गुण). वाऱ्याने उडण्याची शक्यता (दणकटला आणखी एक). बायको ही ओळ वाचून म्हणाली, कुठल्या वाऱ्याने. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी हवी. खरा प्रश्न एवढाच आहे की दोन किलो सातशे ओझं बायकोला पेलतं की नाही. ते विचारून कळत नाही. माणूस आधीच ठरवून उत्तर देतो. जिच्यावर प्रयोग, तिला प्रयोग माहीत नसावा.

९ सप्टेंबर, सोमवार
युक्ती सुचली. उद्या संस्थेत तिच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस. तज्ज्ञाचा लॅपटॉप ती नेणारच. तो तोलून पाहिला, योगायोगाने तोही एक किलो दोनशे छत्तीस. म्हणजे बॅगेत आणखी दीड किलो गेलं की दणकट तयार.

खात्याच्या पेटीतून एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं पितळी वजन घरी आणलं. ही आमची प्रमाण वजनं, बाजारातला प्रत्येक काटा यांच्यापुढे उभा राहतो. मखमलीतून ती अशी घरी न्यायची नसतात, पण ही वस्तू अचूकतेच्याच कामी चालली होती. रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली. एकूण छत्तीस ग्रॅम जास्त होतात, तेवढं सोडून दिलं. पहिल्यांदाच आयुष्यात सोडलं काही.

१० सप्टेंबर, मंगळवार
चाचणी यशस्वी. काही किरकोळ बाबी वगळता.

बाब एक. संस्थेच्या दारात तपासणी यंत्र आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बॅग आत गेली आणि ते वाजलं. पहारेकऱ्याने बॅग रिकामी केली. टेबलावर दोन पितळी ठोकळे, माझ्या रुमालासकट. संस्थेच्या मुख्य बाई नेमक्या तिथेच उभ्या. हे काय आहे, म्हणून विचारलं. बायकोला पहिल्याने कळेना, मग वजनावरचा शिक्का दिसला आणि सगळंच कळलं. ती म्हणाली, आमचे मिस्टर मला तोलून बघतायत.

बाब दोन. त्याच वेळी मी बाजारात, फळवाल्याच्या गाडीवर अचानक तपासणीला. गेली तीन वर्षं त्याच्यावर नजर आहे माझी. चार माणसं जमली. पेटी उघडली, तर मखमलीत दोन खड्डे. फळवाला मोठा सभ्य. म्हणाला, साहेब, माझी वजनं वापरा की. आता एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? त्याच्याच वजनांनी त्याचा काटा तपासला. अगदी बिनचूक निघाला. शिक्का मारून दिला.

संध्याकाळी बायकोने दोन्ही वजनं माझ्या ताटाशेजारी ठेवली. दारातलं सगळं तिने आईला सांगितलं, मला नाही. मी विचारलं, खांदा दुखला का. ही शास्त्रीय नोंदीसाठी चौकशी होती. ती आत निघून गेली. आई म्हणाली, तुला लहानपणी जरा कमी खायला घातलं असतं तर बरं झालं असतं. संबंध कळला नाही.

ओझ्याची ओळ : सध्या अनिर्णित.

११ सप्टेंबर, बुधवार
साहेबांनी लेखी खुलासा मागितला. फळवाल्याने गाडीवर पाटी लावली म्हणे, "खात्याने स्वतः तपासलेला काटा". गिऱ्हाईक वाढलंय.

खुलासा चार पानी लिहिला. चौथ्या पानावर साहेबांना लॅपटॉपबद्दल त्यांचा काय अनुभव आहे, तेही विचारलं.

१४ सप्टेंबर, शनिवार
उष्णता आणि आवाज, दोन्ही चाचण्या एकत्र. दणकट यंत्र तापतं म्हणतात. किती ते कळावं म्हणून मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि टेबलाखाली केस वाळवायचं मशीन चालू ठेवलं. हा दोन पंख्यांचा आवाज. समोर बायकोचा सराव चालू. आई वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि ही टाइप करते, असा रोजचा क्रम आहे.

आई म्हणाली, ते घरघर बंद कर, मला माझंच ऐकू येत नाही. मी म्हटलं, बैठकीतही असाच गोंधळ असणार, सवय व्हायला हवी. आईने आवाज चढवला. शेजारच्यांना वाटलं भांडण आहे, ते दारात आले. मी उठलो, तेवढ्यात पिशवीचं बूच सुटलं. अशा अवस्थेत शेजाऱ्यांचं स्वागत करावं लागलं. मांडीला मलम लावलंय.

एवढ्या सगळ्यात बायकोची एकही चूक नाही. शेजारी काय बोलले, तेही टाइप केलेलं होतं. माझं ओरडणं कंसात होतं.

ठराव : यापुढे स्वतःच्या शरीरावर चाचण्या बंद.

१७ सप्टेंबर, मंगळवार
तक्त्याचं काम जेवणाच्या सुट्टीत करावं म्हणून तज्ज्ञाचा लॅपटॉप सकाळी बॅगेत घालून ऑफिसात नेला. आणि विसरलो. म्हणजे तो बॅगेत आहे हेच विसरलो, इतका हलका. बाजारभर फिरलो, दोन दुकानं तपासली, एका काट्यावर दंड लावला, खांद्याला पत्ताच नाही.

दुपारी बायको चार मजले चढून ऑफिसात आली. तोंड लाल. तिला आज सरावाचा मजकूर संस्थेत द्यायचा होता, आणि घरी लॅपटॉप नाही. मी बॅग उघडून दिला. साहेबांच्या दारासमोर ती एवढंच म्हणाली, "अहो, हे काम गेलं ना, तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही." आणि गेली.

तिचं बरोबर आहे. म्हणूनच तर मी एवढा विचार करतोय.

तक्त्यात नोंद केली : हलका लॅपटॉप जवळ आहे हेच लक्षात राहत नाही. हलक्याचा एक गुण कमी.

१९ सप्टेंबर, गुरुवार
बायकोचं प्रशिक्षण आज दिवसभर. घरी आलो तर आई देवळात का कुठे गेलेली, बायको यायची होती. गेल्या चौदा वर्षांत मी स्वतःच्या किल्लीने दार उघडल्याचं आठवत नाही. किल्ली कुठल्या बाजूने घालायची तेही बघावं लागलं. आत आलो. चपला काढल्या. कुणी काही विचारलं नाही. आज बाजारात काय झालं ते सांगायचं होतं, चांगला किस्सा होता.

मला आवडलं नाही. याचा लॅपटॉपशी संबंध नाही, पण नोंद असावी.

साडेसहाला बायको आली. मी किस्सा सांगायला सुरुवात केली. ती सोफ्यावर बसून हो हो म्हणाली. फार दमलेली, पण डोळे कसे लकाकत होते. असे मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. किस्सा मधेच सोडला. का, ते माहीत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार
पाचच दिवस राहिले. ओळी एकोणसाठ. वेळ पुरणार नाही, हे शांत डोक्याने मान्य केलं. मान्य करणं हाही एक गुण आहे.

संस्थेच्या बाईंना पत्र लिहिलं. माझ्या पत्नीच्या यंत्राचा तांत्रिक अभ्यास अंतिम टप्प्यात असून पंधरा दिवसांची मुदतवाढ मिळावी. खाली हुद्द्यासह सही आणि खात्याचा शिक्का. बायकोला सांगितलं नाही, उगाच धास्तावली असती. स्वतः जाऊन पत्र पहारेकऱ्याकडे दिलं. त्याने मला ओळखलं. म्हणजे रुमालावरचं नाव वाचून ठेवलं असणार. हसला आणि सलाम केला.

२४ सप्टेंबर, मंगळवार
बाईंचा मला ऑफिसात फोन. पत्र मिळालं म्हणाल्या. बराच वेळ पुढे काही बोलता येईना त्यांना, खोकल्याची उबळ असावी. मग म्हणाल्या, मुदतीची काही गरज नाही, तुम्ही अभ्यास चालू ठेवा, सावकाश होऊ द्या.

याला म्हणतात कदर. एका शब्दावर तारखेची अट काढून टाकली. बायकोला सांगितलं की तुझ्यासाठी एक मोठं काम करून आलोय, वेळ आली की कळेल. ती म्हणाली, मला कळलंय. बाईंनी सांगितलं असणार.

२६ सप्टेंबर, गुरुवार
तक्ता पूर्ण. चौसष्ट ओळी. बेरीज केली. हलका बत्तीस, दणकट बत्तीस.

पुन्हा केली. बत्तीस, बत्तीस.

काटा अगदी मधोमध. खात्यात असा काटा दिसला तर मी पाठ थोपटतो. आज मात्र तिसऱ्यांदा बेरीज करायला घेतली.

आई म्हणाली, नाणं उडव. सव्वीस वर्षांची नोकरी आणि नाणं उडव!

२७ सप्टेंबर, शुक्रवार
पासष्टावी ओळ : वापरणाऱ्याचं मत. पक्षकाराला शेवटी विचारायचं, ते शेवट आला म्हणून विचारलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, सांग, कुठला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, तुम्ही उद्या दुकानात जाऊन याच.

कुठला ते बोललीच नाही. म्हणजे माझा शब्द अखेरचा. चौदा वर्षांनी घराबाहेर पडतेय, सुनावण्या, चौकशा, जगात काय काय चाललेलं असतं, तिच्या हातात मजबूत काहीतरी हवं. मी बरोबर नसेन ना तिथे.

निर्णय झाला. दणकट. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार
दुकान उघडायच्या आधी दारात हजर. मुलीने शटर वर केलं, मला पाहिलं आणि शटर थोडं खाली केलं. मग हसली. मी जाहीर केलं, दणकट द्या.

ती म्हणाली, मॅडमना आवडला नाही का मग तो?

कुठला तो?

त्यांनी नेलेला. हलका. सहा तारखेला नेला ना.

सहा तारखेला, शुक्रवारी, मी तक्त्यात ओळी वाढवत असताना, बायको एकटी आली. हलका एका हाताने उचलला. दणकट दुसऱ्या हाताने उचलला आणि खाली ठेवला. हा द्या, म्हणाली. बिल, पिशवी सगळं धरून बारा मिनिटं. मी विचारलं, आणखी काही बोलल्या का. बोलल्या, म्हणाली मुलगी. माझे मिस्टर पुन्हा येतील, त्यांना हवा तेवढा वेळ बघू द्या, बिचारे मनापासून करतात.

चहा आला. आज बिस्किटही घेतलं.

घरी येऊन रोजनिशी मागे चाळली. सात तारीख. "बहुधा तज्ज्ञाने कामचलाऊ म्हणून दिला असावा." हे 'बहुधा' मीच लिहिलंय. दुसरं कुणी तसं म्हणालेलं नाही. तीन आठवडे मी तो वापरला, तोलला, मिरवला, त्याच्यावरच त्याच्याविरुद्ध बत्तीस गुण चढवले.

आई दारातच बसली होती. तिला सगळं आधीपासून माहीत. म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी शांतपणे बायकोला सांगितलं की माझ्या अभ्यासानेही अखेर तुझीच निवड योग्य ठरवली. ती म्हणाली, बत्तीस-बत्तीस होते ना हो?

२९ सप्टेंबर, रविवार
आज जरा तडकलो. म्हटलं, आणला होता तर सांगायचं नाही? माणसाला असं वाऱ्यावर सोडायचं? बायको म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, शक्य नाही. मी ऐकलं असतं.

ती भांडली नाही. लॅपटॉप उघडला, एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. सात सप्टेंबरचा सराव. मी पंख्यांबद्दल बोलत होतो, ते तिने शब्दशः उतरवलेलं होतं. चौदाव्या पानावरचं जसंच्या तसं इथे उतरवतो. नोंद म्हणजे नोंद.

पती : ...तर दोन पंखे असले की हवा कशी खेळती राहते.
पत्नी : अहो, मी लॅपटॉप आणला.
पती : थांब, आधी पंख्याचं होऊ दे.
पत्नी : हलका आणला. हाच तो.
पती : त्याचं पुढच्या आठवड्यात बघू.
पत्नी : बरं.
(पती पुढे सत्तेचाळीस मिनिटं बोलतो.)

दोनदा वाचलं. वाद घालायला काही जागाच नाही. काम चोख आहे तिचं.

हाच मजकूर सतरा तारखेला ती संस्थेत नमुना म्हणून द्यायला निघाली होती. बाईंना इतका आवडला की नव्या मुलींना शिकवताना आता तोच देतात. न थांबणाऱ्या माणसाची नोंद कशी घ्यावी, याचा नमुना. मी विचारलं, नाव घालतात का माझं. ती म्हणाली, नाही, पती एवढंच.

मग विचारलं, मी नेहमीच असं करतो का. बायको म्हणाली, नाही हो, झोपता ना मधे.

१ ऑक्टोबर, मंगळवार
आज पहिला दिवस. मी अर्धी रजा काढली होती. जिन्यापर्यंत सोडायला निघालो, बॅग घ्यायला हात पुढे केला. म्हणाली, राहू द्या, जड नाहीये. आणि उतरून गेली. तीन ठिकाणं आहेत आज तिला. मी कठड्याशी उभा राहिलो, वर बघेल म्हणून. बस आली, ती चढली.

ऑफिसात सही केली. काय काम केलं आठवत नाही.

संध्याकाळी सव्वासहाला आली. बॅग नीट ठेवली, खुर्चीत बसली, डोळे मिटले. दिवसभर माणसांचं बोलणं ऐकून कान किटले, म्हणाली. अर्धा तास काही बोलू नका, मग सगळं सांगते. मी कबूल केलं. घड्याळ समोर ठेवलं.

सहा मिनिटं झाली. तिला कोण कोण भेटलं, काय काय झालं, ते विचारायचंय. आज पहिल्यांदा मला सांगायचं काही नाहीये, विचारायचंच आहे. म्हणून हे लिहीत बसलोय, तोंड तरी बंद राहील.

चौदा मिनिटं. आईने आतून डोकावून काहीतरी विचारलं, मी हाताने गप्प केलं. आई बाहेर येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली.

तीस मिनिटं झाली. अगं, म्हणून हाक मारणार, तर ही गाढ झोपलेली. उठवलं नाही. समोर बसून राहिलो.

एक तास सोळा मिनिटं झाली. इतका वेळ मी एक शब्द बोललेलो नाही, आणि त्याची नोंद घ्यायला ती जागी नाही.